सोप्यातला उजेड

महिन्यातून एकदा तरी असं गिऱ्हाईक येतंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लग्नाचा अल्बम काउंटरवर ठेवतं, पानं उलटतं, एका ग्रुप फोटोवर बोट टेकवतं आणि म्हणतं, "ह्यातला एवढा आमचा आबा काढून द्या. 12 बाय 15. परवा तेरावा हाय."

मी भिंग घेतो. आबा तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरे. पटक्याची सावली डोळ्यांवर, निम्मा गाल पुढच्याच्या खांद्यामागं, मंडपाचा वासा कानातून वर गेलेला. या माणसानं दोन विहिरी पाडल्या, चार पोरींची लग्नं केली, भाऊबंदकीचा दावा वीस वर्षं लढवला. पण त्याचा एकट्याचा, नीट उजेडातला एक फोटो घरात नाही. आधार कार्डावरचा आहे, पण तो बघून घरचेच म्हणतात, "हे आबा न्हवंतच."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी तीसहून जास्त वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय. फोटो कसा काढावा हे मी दोनदा शिकलो. एकदा अण्णांच्या हाताखाली आणि दुसऱ्यांदा या काउंटरवर, भिंगातून. दुसरी शिकवणी महाग पडली.

1988 साली दहावीला गणितानं घात केला आणि वडिलांनी मला अण्णांच्या स्टुडिओत नेऊन सोडलं. स्टुडिओ म्हणजे जुनं घरच. रस्त्याकडं उघडा सोपा आणि आत माजघर. माजघरात पडदा टांगलेला, त्यावर संगमरवरी जिना, कारंजं आणि एक हंस. दोन्ही अंगांना पत्र्याच्या टोपणातले पाचपाचशे वॅटचे दिवे. झाडलोट करायची, पाणी भरायचं, हायपोचे ट्रे धुवायचे आणि गिऱ्हाइकापुढं कंगवा-पावडर धरायची, हे माझं काम. पहिलं सव्वा वर्ष कॅमेऱ्याला हात लावायची बंदी होती.

लाइट तेव्हा कधीही जायची. शेतातलं काम टाकून, एसटीनं आलेल्या माणसाला माघारी कसं पाठवणार? मग अण्णा स्टूल उचलून सोप्यात आणायचे, चुन्याच्या भिंतीपासून दोन हात पुढं ठेवायचे, यशिका मॅट स्टँडवर चढवायचे आणि शटर सावकाश लावून म्हणायचे, "आता हलू नगा. श्वास धरा." रस्त्यावरून बैलगाडी जात असली तरी माणूस पुतळ्यासारखा बसायचा.

रात्री डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये हलवायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लाइट गेलेल्या दिवशीचे फोटो चांगले येत होते. दिव्याखालचे चेहरे तेल लावल्यासारखे चकचकीत, नाकाची सावली मिशीसारखी ओठावर उतरलेली. सोप्यातले चेहरे मात्र गोल आणि शांत यायचे. गालावरून उजेड हळूहळू सावलीत उतरायचा आणि प्रत्येकाच्या डोळ्यात दाराएवढा, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा, पांढरा ठिपका असायचा. ठिपका नसला की डोळा मेल्यासारखा दिसतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण दिसत होतं.

धाडस करून अण्णांना विचारलं. ते हसले. "मला काय म्हाईत न्हाई व्हय? लोक दिव्याचं पैसं देत्यात. दारात बसवून फोटो काढला तर म्हंतील, ह्यात तू काय केलंस?"

पुढं मी दिव्यांवर, छत्र्यांवर, फ्लॅशवर बरेच पैसे घातले. पण मला जे काही येतं त्याचं मूळ त्या सोप्यात आहे. सोपा तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडा. त्यात ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो. उजेडाचं तोंड मोठं आणि माणसाच्या जवळ असलं की सावलीची कड मऊ होते. पाचशेचा दिवा कितीही प्रखर असला तरी त्याचं तोंड ताटलीएवढंच, म्हणून त्याची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. शिवाय सोप्यात समोरून आलेला उजेड चुन्याच्या भिंतीवर आपटून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थोडा परत मिळतो. माणूस दाराशी बसला की तो उजळतो आणि मागचं माजघर आपोआप काळोखात जातं. संगमरवरी जिन्याची गरजच पडत नाही.

अण्णांची एक खोड होती. कुठल्याही घरी फोटोला गेले की आधी स्वतःचा हात पुढं धरायचे, मूठ वळायचे आणि जागच्या जागी गोल फिरायचे. नवरीकडचे लोक बघत राहायचे, काहींना वाटायचं दृष्ट काढतोय. ते मुठीवरच्या सावल्या बघत असायचे. कुठं तोंड केल्यावर बोटांच्या पेरांचा आकार उठून दिसतो आणि कुठं सगळं सपाट होतं, हे पाहून मग खुर्ची मागवायचे. दाराकडं थेट तोंड केलं तर चेहरा भाकरीसारखा सपाट. दाराकडं पूर्ण कूस केली तर निम्मा चेहरा अंधारात, मल्लाच्या फोटोला ठीक, नवरीला नाही. या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी त्या माणसाची जागा असते, आणि ती दर माणसाला वेगळी.

कोल्हापूर भागातल्या माणसाला दारातून येणाऱ्या उजेडाचं मोल खरं तर सांगायला नको. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला, किरणोत्सव होतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, देवळातले दिवे मालवतात आणि लोक श्वास रोखून उभे असतात. एक दिवस किरण पायांशी पोचतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. एखादं धुकं, एखादा ढग, वाटेतली एखादी नवी इमारत आडवी आली की गावभर हळहळ. आणि हेच लोक घरी आईचा फोटो काढायचा म्हटलं की तिला बारा वाजता अंगणात, भिंतीला टेकवून, उन्हाकडं तोंड करून उभी करतात. ती बिचारी डोळे बारीक करून बघते, आणि पोरगा ओरडतो, "आई, डोळं उघड की!"

यात त्या पोराचा दोष नाही. सूर्य पाठीशी घ्या, हा नियम त्याच्या आजोबांना पेटीच्या कॅमेऱ्यानं शिकवला. त्या कॅमेऱ्यांची काच लहान, शटर ठरलेलं, फिल्म मंद, त्यामुळं कडक ऊन समोरच्याच्या तोंडावर पडलं तरच काहीतरी उमटायचं. आमच्या वेळी 100 एएसएच्या रोलच्या खोक्यावर किंवा आतल्या चिठ्ठीवर सूर्य-ढगांची चित्रं असायची. शटर 125 वर ठेवून कडक उन्हात एफ 16, ढगाळ असेल तर एफ 8, सावलीत एफ 5.6. मी ती चिठ्ठी पाठ केली होती. पाकिटातही ठेवलेली होती. फिल्म सुधारली, काचा सुधारल्या, आता फोनला चांदण्यातही दिसतं. नियम मात्र अजून अंगणात उभा आहे.

लग्नसराईत तर त्याचा कळस. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांनी, महिना मे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, इतका की काठी उभी केली तर तिची सावली तिच्याच पायाशी जिरते. आणि ती वेळही नेमकी साडेबाराच्या आसपासची. म्हणजे मुहूर्त पंचांगानं काढलेला असतो आणि फोटोग्राफरच्या मुळावर उठलेला असतो. कपाळ, नाक, मुंडावळ्या पांढऱ्या, आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. त्यावर माझा उतारा एकच. जोडप्याला मंडपाबाहेर नेत नाही, मंडपाच्या कडेला आणतो. डोक्यावर कापड, समोर उघडं आभाळ. म्हणजे पुन्हा सोपाच. समोरची जमीन सिमेंटची असली तर खालून छान उजेड उसळतो, हनुवटीखालची सावली भरून निघते. लाल मातीचं अंगण असलं तर माणसं कावीळ उतरत आल्यासारखी दिसतात, तिथं मी पुढं पांढरं धोतर अंथरतो. थर्माकोलची शीट जास्त चांगली, पण ती धरायला उभं केलेलं पोरगं जेवणाची पंगत बसली की पळून जातं.

फ्लॅशबद्दल मी फार बोलत नाही, त्याच्यावर मी पोट भरलंय. तरी सांगतो. फ्लॅशपासून 6 फुटांवर बसलेल्या पोराला जेवढा उजेड मिळतो, त्याच्या चौथाई 12 फुटांवरच्या मामाला मिळतो. म्हणून जुन्या अल्बमांत पुढची पोरं पांढरीफटक आणि मागचे मामा काळेठिक्कर असतात, मामांचा रंग काहीही असो. कुणीतरी सांगितलं, फ्लॅश थेट मारायचा नाही, वर छताकडं मारायचा, छताचा उजेड मऊ पडतो. बरोबरच होतं. मी पुढच्याच लग्नात तसं केलं. मंडपाचं छत गुलाबी होतं. छपून आले तेव्हा भटजींपासून घोड्यापर्यंत सगळे गुलाबी. नवऱ्याच्या बापानं निम्मे पैसे कापले, आणि तो चुकला असं मला वाटत नाही.

पण ज्या चुकीचं ओझं अजून मनावर आहे ती उजेडाची नव्हती, चौकटीची होती.

बरीच वर्षं झाली. एक बाई अल्बम घेऊन आली. आई वारली होती. तिचा फोटो हवा होता. अल्बम उघडला आणि खाली माझाच शिक्का. त्या बाईच्याच लग्नाचा, 1996 चा. सगळा अल्बम आम्ही दोघांनी चाळला. आई एकूण पाच ठिकाणी सापडली. दोनदा पाठमोरी. एकदा अक्षता टाकताना नुसता हात, हिरव्या चुड्यावरून लेकीनं ओळखला. एकदा जेवणाच्या पंगतीत वाढताना, डोकं वरच्या कडेनं कापलेलं. आणि पाचव्यांदा ग्रुपमध्ये, अगदी उजव्या टोकाला, अर्धा चेहरा चौकटीबाहेर. सगळी माणसं मावावीत म्हणून मी त्या दिवशी वाइड लेन्स लावली होती आणि त्या लेन्सनं टोकाचं माणूस आडवं ताणलं होतं.

निगेटिव्ह शोधली. 35 एमएमच्या निगेटिव्हची चौकट 24 बाय 36 मिलिमीटर, त्यात चाळीस माणसं. आईचा चेहरा मोहरीएवढा, आणि त्यातलीही निम्मी मोहरी. ती मोठी करून 12 इंच करायची म्हणजे चेहरा राहत नाही, नुसते दाणे राहतात. मी दोन दिवस बसलो, ताण कमी केला, उरलेला गाल दुसऱ्या गालावरून बेतून लावला. बाई न्यायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "असू दे. नाकावरनं कळतं आईच हाय." पैसे किती म्हणून विचारलं. मी काय सांगितलं ते आता आठवत नाही.

त्या लग्नात मी सकाळी सहापासून होतो. तिच्या आईनं मला दोनदा चहा आणून दिला होता, हेही अल्बम चाळताना आठवलं. म्हणजे ती माझ्यापासून हातभर अंतरावर, स्वयंपाकघराच्या दारात, उजेडात उभी होती आणि माझ्या गळ्यात कॅमेरा होता.

तेव्हापासून एक सवय लागली. लग्नघरी लवकर जातो. नवरा-नवरी आवरत असतात, फोटोग्राफरला काम नसतं. घरातली म्हातारी माणसं तेव्हा सोप्यात, ओट्यावर, परसदारी कुठंतरी निवडत-सोलत बसलेली असतात. एकेकाचा एकेक फोटो काढतो. कुणी सांगितलेला नसतो, बिलात लावत नाही, अल्बममध्येही बहुतेक जात नाही. फोल्डरला नाव देऊन ठेवतो, गाव आणि साल. काही वर्षांनी फोन येतोच.

चौकटीचं शिक्षण अण्णांनी दिलं होतं खरं, मीच ते विसरलो. यशिका मॅटमध्ये डोळा लावायचा नसतो, वरून खाली काचेत बघायचं असतं आणि त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. समोरचा माणूस डावीकडं सरकला की काचेतला उजवीकडं जातो. सुरुवातीला मला चक्कर यायची. पण त्या उलट्या चित्रात ओळखीचा माणूसही अनोळखी होतो. चेहऱ्यावरून नजर सुटते आणि आकार दिसायला लागतात. इथं फार काळं झालंय, तिथं रिकामं आहे, डोक्यातून खांब उगवलाय. रोलमध्ये फोटो बारा. एक फुकट घालवला तर अण्णा दिवसभर बोलायचे नाहीत.

ते म्हणायचे, "आधी प्रदक्षिणा, मग दर्शन." म्हणजे बटण दाबायच्या आधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवून आणायची. कडेला कुणाचं कोपर कापलंय का? कोपऱ्यात बादली आहे का? मागच्या दोरीवरचा टॉवेल नवरदेवाच्या खांद्यावर आल्यासारखा दिसतोय का? आपण सगळे थेट दर्शनाला धावतो. नजर चेहऱ्याला चिकटते, बाकीचं मन पुसून टाकतं. कॅमेरा काही पुसत नाही. माझ्या मते चांगला फोटो न येण्याची निम्मी कारणं चौकटीच्या कडेला असतात, आणि त्यातली बरीचशी एक पाऊल डावीकडं सरकल्यानं मिटतात. लोक कॅमेरा बदलतात, पाऊल बदलत नाहीत.

अण्णांचा आणखी एक नियम असा, की सांध्यावर कापायचं नाही. मनगट, कोपर, गुडघा, घोटा, इथं चौकट आली की माणूस तुटल्यासारखा वाटतो. मांडीवर कापा, दंडावर कापा. अण्णांच्या शेजारी खाटकाचं दुकान होतं आणि तो याच्या बरोबर उलटं करायचा, म्हणून मला हे कायमचं लक्षात राहिलं.

यशिका पोटाशी धरून फोटो काढल्यामुळं आणखी एक गोष्ट आपोआप व्हायची. उभा माणूस रुबाबदार यायचा. आता फोन डोळ्यासमोर धरून, म्हणजे थोडं वरून, उभ्या माणसाचा फोटो काढतात. डोकं मोठं, पाय आखूड, लहान पोर असेल तर नुसता टाळू. मोबाइलवाल्यांना मी सांगतो, फोन बेंबीपाशी आणा, पोरासाठी गुडघ्यावर बसा. पँट मळते, त्याला इलाज नाही.

मोबाइलवाले आता माझ्याकडं शिकायला येतात, ही गंमतच. या फोननंच माझं निम्मं दुकान खाल्लं. पण शिकवताना बरं वाटतं. येणारा पहिला प्रश्न ठरलेला, "काका, कुठला फोन घेऊ?" मी हातातला फोन मागतो, शर्टाच्या टोकानं मागची काच पुसतो आणि परत देतो. बोटांचं तेल बसलेलं असतं. दिवे धुरकट दिसायचे ते निम्मे तिथंच साफ होतात. दुसरं, जवळून चेहरा काढू नका. फोनची नेहमीची लेन्स वाइड असते, हातभरावरून नाकाचं वांगं होतं. चार पावलं मागं जा, दोन पट झूम करा.

तिसरी गोष्ट जरा वेळ घेते. कॅमेऱ्याला रंगरूप कळत नाही. त्याला वाटतं जगातली प्रत्येक वस्तू मधल्या राखाडी रंगाची आहे. पांढऱ्या शुभ्र धोतरातला म्हातारा चौकटभर आला की तो धोतर राखेच्या रंगाचं करतो, आणि म्हातारा अंधारात जातो. गोठ्यात काळी म्हैस आली की तो म्हशीला धुऊन काढतो. म्हणून चेहऱ्यावर बोट ठेवायचं, बाजूला छोटा सूर्य येतो, तो वर-खाली सरकवायचा. सावळ्या माणसाचा फोटो सावळाच येऊ द्यायचा, एवढंच मी म्हणतो. "जरा उजळ करा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा हिशेब नाही. पूर्वी आम्ही निगेटिव्हवर पेन्सिलीनं करायचो, मग संगणकावर करायला लागलो, आता फोन न विचारता करतो. केलंय मी, नाकारत नाही. पण ज्या चेहऱ्यावर ऊन-पावसानं चाळीस वर्षं काम केलंय तो तासून गुळगुळीत केल्यावर तेराव्याच्या दिवशी नातवंडं विचारतात, "ह्ये कोण?"

गेल्या डिसेंबरात तीन पोरांना घेऊन एका गुऱ्हाळावर गेलो. त्यातला एक घरचा गूळ विकतो. त्याची तक्रार अशी, की फोटोत गूळ काळा दगड दिसतो आणि लोक फोनवर विचारतात, जळका आहे का.

सकाळचे आठ. पत्र्याचं छप्पर, त्याच्या भोकांतून कवडसे उतरलेले. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता. पोरं पोचल्या पोचल्या फोन काढून सूर्य पाठीशी घेऊन उभी राहिली. नियम! फोटोत काळं चुलवाण आणि वर काहीतरी धुरकट.

"वाफ कुठं हाय?" मी विचारलं.

"आली न्हाई ओ काका. डोळ्याला दिसत्या, फोनला न्हाई."

"पलीकडं चला."

काहिलीला वळसा घालून आम्ही पलीकडं गेलो, ऊन आता समोर. वाफेच्या मागून उजेड आला, त्यामागं अंधारी भिंत आली, आणि तीच वाफ कापसाच्या गाठोड्यासारखी पांढरी फुटून वर चढायला लागली. गुळव्या मध्ये आला की त्याच्या खांद्याला, पागोट्याला, हातातल्या लांब दांड्याला उजेडाची किनार. कॅमेऱ्यात ऊन थेट शिरू नये म्हणून एका मेढीची आड घेतली. एका पोरानं गुळव्याच्या अंगावर बोट ठेवलं, तर सगळं पांढरंफेक झालं. वाफेवर ठेवलं तेव्हा जमलं.

"पर माणूस काळा आला की."

"हात काय करतोय ते दिसतंय न्हवं? मग बास."

उजेडावरून आठवलं. 'अपराजितो' मी फार उशिरा, कोल्हापुरात फिल्म सोसायटीत पाहिला. 1956 चा सिनेमा. त्यातलं बनारसचं घर स्टुडिओत उभारलं होतं आणि चौकातला तो बिनसावलीचा उजेड आणण्यासाठी कॅमेरामन सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणून, खालचे दिवे त्याच्यावर मारून, उसना उजेड खाली पाडला होता, हे नंतर वाचलं. मला त्या दिवशी अण्णांची आठवण झाली. आणि आमच्याच बाबूराव पेंटरांचीही. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला, 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला, तो काळ उन्हाच्याच भरवशाचा होता. उन्हाला कापडातून गाळून घ्यायचं, हे त्या काळच्या कोल्हापुरातल्या कारागिरांना ठाऊक असणारच. मित्रांनी कापडानं जे बनवलं ते आमच्या सोप्यात फुकट पडलेलं होतं, आणि अण्णा आत जाऊन हंसाच्या पडद्यापुढं लोकांना बसवत होते.

गुळाचं राहिलंच. गूळ विकणाऱ्या त्या पोरानं गुळाचा रवा गोणपाटावर ठेवून वरून फ्लॅश मारला होता. गोणपाट गुऱ्हाळाच्या दाराशी ओढलं, उजेड एका कुशीनं घेतला. तिरका उजेड रव्यावरून घसरत गेला आणि बारीक बारीक कण उठून दिसायला लागले, फडक्याच्या विणीचा ठसासुद्धा. मी त्याला रवा मधोमध फोडायला लावला. फोडलेली कड सोन्यासारखी उजळली. तो म्हणाला, "फोडलेला कोण घेणार?" मी म्हटलं, तो तू खा.

परवाची गोष्ट. एक म्हातारी आली, सोबत नातू. कसल्याशा पेन्शनच्या फॉर्मला दोन फोटो हवे होते. माझ्या दुकानाला सोपा नाही, गाळा आहे, शटर पूर्वेला. दुपारी चारनंतर समोरच्या पांढऱ्या इमारतीवर ऊन पडतं आणि तिथून परतून माझ्या दारात येतं. फॉर्मचा फोटो मी आत, पांढऱ्या पडद्यापुढं, नियमाप्रमाणं काढला. मग स्टूल दाराशी नेलं.

"आता ह्यो कशाला?" म्हातारीनं विचारलं.

"तुमच्यासाठी. पैसं न्हाईत ह्याचं."

ती बसली. पदर सारखा केला. मी मूठ धरून फिरलो नाही, त्या दारातला उजेड मला पाठ आहे. थोडी रस्त्याकडं वळवली, कडांवरून नजर फिरवली, मागची झेरॉक्सची पाटी टाळायला अर्धा फूट सरकलो. ती एसटी स्टँडकडं बघत होती, गाडी लागली का म्हणून. तेवढ्यात काढला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. तिनं डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"हाराला चालंल न्हवं?"

नातू ओशाळला. मी म्हटलं, "घाई कशाला आजी, अजून येळ हाय. फुडच्या वर्साला या, दुसरा काढू."

"बरं," ती म्हणाली, "मग दोन्हीचं पैसं बी फुडच्या वर्सालाच देतो."